एकाच मळ्याची कॉफी: फळ, खळं आणि पेला

नमस्कार श्रोतेहो.

कॉफीच्या पाकिटावर हल्ली मळ्याचं नाव दिसतं. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, 'वॉश्ड', 'नॅचरल' किंवा 'हनी' यांपैकी एक शब्द आणि भाजल्याची तारीख. भाव मात्र नेहमीच्या कॉफीच्या दुप्पट-तिप्पट. हे जादा पैसे नेमक्या कोणत्या कामाचे आहेत, ते आज सांगायचं आहे. त्यासाठी उदाहरण घेऊ या कर्नाटकातल्या चिकमंगळूर जिल्ह्याचं, आणि त्यातही बाबाबुडनगिरीच्या डोंगररांगेचं. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संतांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणून याच डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. भारतातल्या कॉफीची सुरुवात तिथूनच सांगितली जाते.

पण या डोंगरावरच्या एखाद्या मळ्याची कॉफी त्याच मळ्याच्या नावानं विकत मिळणं ही अलीकडची गोष्ट आहे. १९४२च्या कायद्यानं कॉफी बोर्ड स्थापन झालं आणि पुढची कित्येक दशकं मळेवाल्यांना आपलं पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावं लागत असे. तिथे दाण्याची प्रत ठरायची, एका प्रतीचा माल एकत्र व्हायचा आणि लिलावात जायचा. एखाद्यानं फक्त लालबुंद फळं तोडून जिवापाड जपून वाळवलेली कॉफी आणि शेजाऱ्यानं घाईघाईनं उरकलेली कॉफी, आकार सारखा असला की एकाच राशीत. १९९०च्या दशकात हे नियम टप्प्याटप्प्यानं सैल झाले आणि १९९६पासून मळेवाला आपलं सगळं पीक स्वतः विकू लागला. मळ्याची ओळख पेल्यापर्यंत पोचायची, तर माल पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत वेगळा ठेवावा लागतो. आज मी जे जे सांगणार आहे, त्याचा गाभा हाच आहे. चव झाडावर तयार होते. त्यानंतरच्या प्रत्येक पायरीवर ती टिकते किंवा बिघडते. भाजणारा कितीही कसबी असला, तरी दाण्यात नसलेली गोडी तो आणू शकत नाही.

आधी जमीन आणि सावली पाहू. अरेबिका जातीची कॉफी इथे साधारण १,००० ते १,५०० मीटर उंचीवर होते. रोबस्टा ही कॉफीची दुसरी मुख्य जात त्याखाली, ५०० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात. उंचीवर रात्री थंड असतात, म्हणून फळ सावकाश पिकतं. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत अरेबिकाला आठ-नऊ महिने लागतात. जितका वेळ जास्त, तितकी बी घट्ट भरते आणि साखर व आम्लं नीट साठतात. खालच्या गरम उतारावर तेच झाड लवकर पिकतं आणि दाणा पोकळ राहतो.

भारतातली कॉफी बहुतेक सगळी झाडांच्या सावलीत वाढते. खालच्या थराला पांगारा, वरच्या थराला फणस, वड-उंबराच्या जातीची झाडं, शिसव आणि अलीकडे बऱ्याच ठिकाणी सिल्व्हर ओक. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. पांगाऱ्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात, शिवाय पानगळीचं खत जमिनीला मिळतं. सिल्व्हर ओक झटपट वाढतो आणि लाकडाला पैसा येतो, म्हणून तो पसरला. पण मिश्र देशी झाडांची सावली जमिनीला आणि पाखरांना जे देते, ते एकट्या ओकच्या रांगा देत नाहीत, आणि जुनी झाडं तोडून ओक लावण्याची ही चाल थांबायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सावलीचा थेट संबंध खोडकिड्याशीही आहे. पांढरा खोडकिडा हा अरेबिकाचा मोठा वैरी. त्याचा भुंगा वर्षातून दोनदा उडतो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीच्या भेगांत मादी अंडी घालते, अळी लाकूड पोखरत आत शिरते, खोडावर गोल उंचवटे दिसू लागतात, पानं पिवळी पडतात आणि झाड जातं. अळी आत गेल्यावर फवारणीचा उपयोग नसतो. म्हणून भुंगे उडण्याआधी झाड न् झाड तपासायचं, उंचवटे दिसले तर झाड मुळासकट उपटून जाळायचं. उरलेल्या झाडांची सुटी साल काथ्यानं घासून काढायची, खोडाला चुन्याचं १० टक्के द्रावण लावायचं आणि मुख्य म्हणजे सावलीत भगदाडं पडू द्यायची नाहीत.

दुसरा शत्रू तांबेरा. पानांखाली नारिंगी भुकटी दिसते, पानं झडतात आणि पुढच्या वर्षीचं पीक जातं. १८६९च्या सुमारास श्रीलंकेत हा रोग दिसला आणि त्यानंतर तिथली कॉफी बुडून तिच्या जागी चहा आला. त्यावर बोर्डो मिश्रणाची अर्ध्या टक्क्याची फवारणी करतात. २०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. ती पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पानाच्या खालच्या बाजूला बसली पाहिजे. वरून भिजवलेलं पान सुरक्षित दिसतं, पण बुरशी आत शिरते ती खालूनच.

पाकिटावर जात लिहिलेली असते तीही तांबेऱ्याशी झगडूनच आलेली आहे. एस. ७९५ ही जात १९४०च्या दशकात लागवडीला मिळाली. एकीकडे केंट हा जुना अरेबिका वाण आणि दुसरीकडे लायबेरिका या वेगळ्या कॉफी-प्रजातीचा अंश असलेला एक वाण, या दोघांचा तो संकर. रोगापुढे आज ती पूर्वीइतकी टिकत नाही, पण पेल्यातला तिचा समतोल अजूनही फार चांगला. सिलेक्शन ९मध्ये इथिओपियाच्या ताफारीकेला वाणाचं रक्त आहे. हवामान साथ देईल तिथे तिला फुलांसारखा वास येतो. चंद्रगिरी ही ठेंगणी जात २००७ची. चिकमंगळूर जिल्ह्यातच बाळेहोन्नूरला केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आहे आणि यांतलं बरंचसं काम तिथलं आहे.

आता पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरडेपणात कळ्या झोपलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये २५ ते ४० मिलिमीटरची एक चांगली सर आली की त्या जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांनी सगळा मळा पांढरा होतो. मोगऱ्यासारखा वास दरीभर असतो. सर अर्धवट झाली, तर कळ्या अर्ध्या उमलून सुकतात. फुलं उघडी असताना पाऊस आला, तर परागकण वाहून जातात. आणि दोन-तीन तुटक सरी आल्या, तर फुलंही दोन-तीन खेपांनी येतात आणि पुढे एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल, काळी फळं एकत्र लटकतात. तोडणी अवघड होते ती इथूनच. म्हणून ज्यांच्याकडे पाणी आहे ते तुषार सिंचनानं फुलोरा वेळेवर आणतात.

अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी. आंबा तयार झाला की उतरवून अढीत घालता येतो, तशी सोय इथे नाही. कॉफीचं फळ झाडावरून सुटलं की त्यात साखर वाढत नाही. हिरव्या फळाची कॉफी गवतासारखी आणि तुरट लागते. जास्त पिकून काळपट झालेल्या फळाला आंबलेला वास येतो. म्हणून एकाच झाडापाशी चार-पाच वेळा परत यावं लागतं आणि दर वेळी फक्त पूर्ण लाल फळं घ्यावी लागतात. मजुरी किलोवर असेल, तर तोडणारी बाई भराभर फांदी ओरबाडते. त्यात तिचा दोष नाही, तिची कमाई वजनावर ठरवली आहे. ज्या मळ्यांना लाल फळच हवं असतं ते रोजानं किंवा वाढीव दरानं पैसे देतात, आणि संध्याकाळी गोणी रिकामी करून हिरवी फळं हातानं निवडून काढतात. पाकिटाच्या किमतीतला मोठा हिस्सा या निवडीचा आहे. सुमारे ६ किलो ताज्या फळांतून १ किलो हिरवा दाणा मिळतो, आणि भाजताना त्यातही १५ टक्क्यांच्या आसपास घट येते. म्हणजे भाजलेल्या एका किलोमागे सात किलो फळं.

तोडलेलं फळ त्याच दिवशी कामाला लागलं पाहिजे. गोणीत रात्रभर राहिलं, तर आतून तापतं आणि नको तसं आंबायला लागतं. आधी ते पाण्याच्या हौदात सोडतात. भरलेली फळं बुडतात, किडकी आणि पोकळ तरंगतात. तरंगणारी वेगळी काढायची आणि वेगळीच वाळवायची.

इथून वाटा फुटतात. 'वॉश्ड' पद्धतीत बुडालेली फळं पल्परमधून जातात. फिरत्या दंडगोलावर फळ घासलं जाऊन साल निघते आणि चिकट गर लागलेल्या बिया बाहेर पडतात. दंडगोल आणि पट्टी यांच्यातली फट फळाच्या आकारानुसार रोज बघावी लागते. फट कमी झाली की दाणा चिरतो, आणि चिरलेल्या दाण्यात बुरशी व आंबटपणा घुसतो. फट जास्त झाली तर सालीसकट फळं पुढे जातात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या खेपेला फळं लहान असतात, तेव्हा पट्टी पुन्हा लावावी लागते.

नंतर चिकट बिया टाकीत आंबायला ठेवतात. या चिकट थरात पेक्टिन आणि साखर असते, आणि जिवाणू, यीस्ट व फळातलीच विकरं ती सुटी करतात. अरेबिकाला २४ ते ३६ तास लागतात. डोंगरमाथ्यावर थंडी असली तर जास्त, खाली उष्ण हवेत कमी. घड्याळावर भरवसा ठेवून चालत नाही. मूठभर बिया पाण्यात धुऊन हातात चोळायच्या. चिकटपणा जाऊन खड्यांसारखा खरखरीत आवाज आला की झालं. राशीत काठी खुपसून काढल्यावर भोक तसंच राहिलं, तर तीही खूण आहे. वेळ टळली की व्हिनेगरसारखा वास दाण्यात मुरतो आणि मग काही केल्या जात नाही. सगळ्यात वाईट म्हणजे टाकीच्या कोपऱ्यात किंवा पल्परच्या खाचेत कालपासून अडकून राहिलेला दाणा. तो आतून कुजतो, वरून मात्र बाकीच्यांसारखाच दिसतो, आणि एकटा दाणा किटलीभर कॉफी नासवू शकतो. म्हणून रोज काम संपल्यावर यंत्र आणि टाकी घासून धुणं हा चवीचाच भाग आहे.

आंबवून झालं की तीन-चार पाण्यांनी धुतात. भारतात बऱ्याच मळ्यांवर त्यानंतर स्वच्छ पाण्यात आणखी एक दिवस भिजत ठेवण्याची जुनी पद्धत आहे. त्यानं चव स्वच्छ होते. पण या सगळ्याला पाणी भरपूर लागतं, आणि साखर-पेक्टिन मिसळलेलं ते सांडपाणी ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. त्यामुळे ते टाक्यांत मुरवून, चुना घालून, शुद्ध करूनच सोडायला हवं. चिकटपणा यांत्रिक घर्षणानं काढणारी यंत्रं कमी पाण्यात काम करतात, आणि नीट चालवली तर चवीत फार काही हरवत नाही.

'नॅचरल' पद्धतीत फळ न सोलता अख्खं वाळवतात. त्यामुळे पिकलेल्या फळाचा, मनुक्याचा गोड वास दाण्यात येतो. ऐकायला सोपी वाटते, पण जोखीम हिच्यातच जास्त. सुरुवातीचे काही दिवस फळं एकावर एक येऊ न देता, एकाच थरात, जमिनीपासून उंच जाळीवर पसरावी लागतात. ढीग झाला की मध्ये बुरशी धरते. वाळायला दोन ते चार आठवडे लागतात. 'हनी' ही या दोन पद्धतींच्या मधली. साल काढायची, चिकट थर तसाच ठेवून वाळवायचं. अलीकडे हवाबंद पिंपात दोन-तीन दिवस आंबवलेली 'अ‍ॅनएरोबिक' कॉफीही बरीच येते. तिच्यात दालचिनी, अननस असे उग्र वास येतात. काहींना ते आवडतात. मला वाटतं, त्यात पिंपाची ओळख इतकी वर येते की डोंगराची मागे पडते. एखाद्या जागेची चव समजून घ्यायची असेल, तर सुरुवात वॉश्ड कॉफीपासूनच करावी.

आता खळं. माझ्या मते सगळ्यात जास्त चांगली कॉफी इथेच बिघडते. धुतलेल्या पार्चमेंटमध्ये, म्हणजे कवचासकटच्या दाण्यात, ५० टक्क्यांहून जास्त ओलावा असतो. तो १० ते ११ टक्क्यांवर आणायचा असतो. थर चार-पाच सेंटीमीटरचा, दर तासाला हलवायचा. कडक उन्हात घाई केली, तर कवच तडकतं आणि दाणा बाहेरून सुकून आत ओला राहतो. तो पुढे पोत्यात फिकट पडतो. म्हणून पहिल्या दिवसांत भर दुपारी सावलीचं कापड ओढतात. संध्याकाळी दव पडण्याआधी झाकायचं. वॉश्ड कॉफीला उन्हात सात ते दहा दिवस लागतात. ओलावा १२ टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशीचं विष तयार होण्याची भीती, ९ टक्क्यांच्या खाली गेला तर दाणा ठिसूळ होऊन सोलताना फुटतो आणि वासही उडतो. दाताखाली दाणा चावून बघणारे अनुभवी लोक आहेत, पण शेवटचा निर्णय ओलावामापकावरच घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पाऊस आला की झाडावरची फळं फुटतात आणि खळ्यावरचा मालही भिजतो, आणि हे अलीकडे वारंवार होतं आहे.

वाळलेली कॉफी कवचासकट थंड, कोरड्या जागी महिना-दोन महिने मुरू देतात. त्या वेळात ओलावा सगळीकडे सारखा होतो. मग कवच काढून चाळणी. 'प्लँटेशन' म्हणजे वॉश्ड अरेबिका, आणि तिच्या 'ए' प्रतीचा दाणा ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेला असतो. 'पीबी' म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोल बी भरली ते. हे अक्षर आकाराचं आहे, चवीचं नाही. दाणा मोठा म्हणून कॉफी चांगली, असा समज दुकानदारही पसरवतात. तो चुकीचा आहे.

चवीची परीक्षा पेल्यात होते. 'स्पेशालिटी', म्हणजे खास दर्जाची कॉफी, म्हणायला जगभर रूढ झालेल्या शंभर गुणांच्या पद्धतीत ८० किंवा अधिक गुण लागतात. ३५० ग्रॅम हिरव्या दाण्यांच्या नमुन्यात पूर्ण काळा किंवा पूर्ण आंबट दाणा एकही चालत नाही. हलका भाजून, दर १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम पूड, ९३ अंश सेल्सिअसचं पाणी. चार मिनिटांनी वरची साय चमच्यानं फोडायची, वास घ्यायचा, मग चमच्यानं भुरकून चाखायचं. एकाच कॉफीचे पाच पेले मांडतात, कारण मघाशी सांगितलेला तो कुजका दाणा पाचांतल्या एखाद्याच पेल्यात निघतो.

२०१९मध्ये बाबाबुडनगिरी अरेबिका, चिकमंगळूर अरेबिका, कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि आंध्रातल्या अरकू खोऱ्याची अरेबिका यांना भौगोलिक मानांकन मिळालं. अरकूची कॉफी आदिवासी कुटुंबांच्या लहान लहान तुकड्यांवर होते. तिथे मळा एक नसतो, अनेक घरांची फळं एका ठिकाणी आणून एकाच पद्धतीनं प्रक्रिया करतात, म्हणून तिथे 'एक जागा' याचा अर्थ एक खोरं. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. उंची साधारण १,१०० मीटर, म्हणजे अरेबिकाला चालणारी. पण लागवड फार थोडी आहे. फक्त लाल फळ तोडणं आणि नीट वाळवणं या दोन गोष्टी तिथे कसोशीनं झाल्या, तर वेगळी ठेवण्याजोगी कॉफी मिळू शकेल, असं मला मनापासून वाटतं.

घरी आणताना पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा. फक्त 'अमुक तारखेपूर्वी वापरा' असेल, तर ते पाकीट दुकानातच परत ठेवून द्या. भाजल्यावर आठवडाभरानं वास खुलतो, त्याआधी दाण्यातला कार्बन डायऑक्साइड पाणी नीट आत जाऊ देत नाही. महिना-दीड महिन्यात संपवावी. दाणे घेऊन त्या त्या वेळी दळावेत, कारण पूड झाली की वास काही दिवसांतच ओसरतो. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, अर्थातच नको. १५ ग्रॅम पूड, साखरेच्या दाण्याएवढी जाडसर. २४० मिलिलिटर पाणी, उकळून अर्धा मिनिट थांबलेलं. कागदी गाळणीत आधी ३०-४० मिलिलिटर ओतून अर्धा मिनिट फुगू द्या, मग उरलेलं दोन-तीन खेपांत. एकूण तीन मिनिटांत उतरलं पाहिजे. आंबट आणि पाणचट लागली तर पूड बारीक करा, कडू आणि कोरडी लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. दुधातच प्यायची असेल, तर हलकी भाजलेली वॉश्ड अरेबिका घेण्यात पैसे वाया जातात. मध्यम भाजणीची नॅचरल किंवा चांगली धुतलेली रोबस्टा दुधाला पुरून उरते.

आणि शक्य झालं, तर एकाच मळ्याची, एकाच हंगामाची दोन छोटी पाकिटं आणा, एक वॉश्ड, एक नॅचरल. दोन्ही सारख्याच प्रमाणात, शेजारी शेजारी गाळा. कडक गरम असताना फरक कमी कळतो, म्हणून पाच-सात मिनिटं थांबा. आधी वॉश्ड चाखा, मग नॅचरल, आणि पेले कोमट झाल्यावर पुन्हा एकदा. जात, माती, उंची आणि पाऊस दोन्हींत एकच आहेत, तेव्हा जो फरक लागेल तो हौदानंतरच्या वाटेचा.

नमस्कार.